धुरी मी दिली, म्हणून झालं का?

पत्र इचलकरंजीच्या एका आजीचं आहे. लांब होतं, मी आखडून देते.

"लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. बाराव्या दिवशी बारसं केलं, शंभरेक माणूस आलं. विसाव्या दिवशी बाळाला सर्दी झाली, मग दूध ओढेना. बाविसाव्या दिवशी बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले म्हणून तसंच उचलून कोल्हापूरला नेलं. आज दवाखान्यात चौथा दिवस. डॉक्टर ब्राँकिओलायटिस म्हणतात, आरएसव्ही विषाणूमुळं झालंय. नाकाला ऑक्सिजन, दूध नळीतून. परवा ऑक्सिजन दोन लिटर होता, आज एक केलाय, हे चांगलं का वाईट तेही कळत नाही. मी रोज अंघोळीनंतर बाळाला ओवा-धुपाची धुरी देत होते, आमच्यात सगळेच देतात. मला स्वतःलाही सर्दी होती, कुणाला बोलले नाही. विहीणबाई म्हणतात, आमच्याकडं असती तर असं झालं नसतं. लेक जेवत नाही, बोलत नाही, दूध आटलं म्हणते. जावई पिंपरीला कारखान्यात आहेत, येतात, काचेतून बघतात आणि रात्रीच्या गाडीनं जातात. धुरी मी दिली, म्हणून झालं का? मी आता काय करू?"

ताई,

आधी एक लिटरचं सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचं तुमच्या डोक्यात शिरायचं नाही. ऑक्सिजन दोनाचा एक केला, हे चांगलं आहे. बाळाला बाहेरून कमी लागतोय म्हणूनच डॉक्टर तो उतरवतात. हा आजार, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना विषाणूनं आलेली सूज, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जोरात असतो. तुमच्या नातीची सर्दी विसाव्या दिवशी सुरू झाली, म्हणजे पत्र लिहिलंत तेव्हा ती तो चढ चढून वर आलेली होती. मधेच एखादा दिवस अर्धा लिटर परत वाढवतील, तेव्हा लगेच हातपाय गाळू नका. असं होतं.

आता धुरी. विषाणू धुरीतून येत नाही. तो येतो माणसाच्या खोकल्यातून, शिंकेतून, शेंबूड पुसलेला हात न धुता बाळाला लावला की त्या हातातून. तेव्हा धुरीनं हा आजार लागलेला नाही, एवढं पक्कं. पण धुरीचं म्हणून काहीच नाही असंही मी म्हणणार नाही. बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या केसाएवढ्या असतात. त्या आतून सुजलेल्या, चिकट शेंबडानं भरलेल्या, आणि वरून धूर. त्रास वाढला असेल. म्हणून धुरी यापुढं बंद. शेगडी, बाळंतिणीच्या खोलीतला निखारा, मच्छरची कॉइल, सगळं बंद. आणि शेजारी कुणी मिश्री भाजत असेल तर त्या वेळी दार लावून घ्या. तुमच्या भागात कोण कुठल्या वेळेला मिश्री भाजतं हे वासावरून सगळ्या गल्लीला माहीत असतं.

राहिली तुमची सर्दी. ताई, तुमच्याकडून लागण झालेली असू शकते. "छे छे, तुमच्यामुळं कसं होईल" असं म्हटलं असतं तर तुम्हाला दोन घटका बरं वाटलं असतं, आणि रात्री परत तेच डोक्यात आलं असतं. मोठ्या माणसाला हा विषाणू झाला तर नुसती सर्दी होते, आपण सुंठ घालून चहा पितो आणि विसरतो. तशीच बारशाला आलेल्या कुणाकडूनही लागण झालेली असू शकते, बालवाडीत जाणाऱ्या पोरांकडून तर जास्तच. लागण झाल्यापासून सर्दी दिसेपर्यंत बहुतेकदा ४ ते ६ दिवस जातात, कधी २, कधी ८. तुम्ही हिशोब घालून बघितला असेलच. बारसं त्यात बसतं, तुमची सर्दीही बसते. कुठल्याही डॉक्टरला, कुठल्याही तपासणीला हे सांगता येणार नाही की नेमकं कुणाकडून आलं. दोन वर्षांचं होईतोवर जवळजवळ प्रत्येक पोराला आरएसव्ही एकदा तरी गाठतो. तुमच्या नातीला त्यानं फार लवकर गाठलं, वाईट झालं ते इतकंच. आणि बरगड्यांखालचे खड्डे कुणी ओळखले? "उद्या बघू" न म्हणता गाडी कुणी काढायला लावली? पत्रात तुम्ही ते एका ओळीत उडवलंत.

सर्दीची गोष्ट लेकीला सांगायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर सांगितली असती, पण बाळ घरी आल्यावर. आत्ता सांगून तुमचं मन हलकं होईल आणि तिचं जड.

मी ३१ वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होते. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण गोष्ट माझ्याच चुकीची आहे. एकदा डोंगरातल्या गावाहून एक आई आली, बाळ निळं पडत आलेलं. मी तोंडावर म्हणाले, "एवढा उशीर का केलास गं?" बाळ सावरलं. पण ती दोन दिवस वॉर्डच्या दाराशी यायची, पदराखालून दुधाची वाटी काढून मावशींच्या हातात द्यायची आणि मागे फिरायची. आत पाऊल टाकायची नाही. मला वाटलं, बाई जरा बुजरी आहे. तिसऱ्या दिवशी मावशीच म्हणाल्या, "सिस्टर, ती तुम्हाला घाबरतीया." वाटीवर चिकटपट्टी लावलेली असायची, त्यावर वेळ लिहिलेली: पहाटे ३:४०. म्हणजे बाई रात्रभर उठून दूध काढत होती आणि तोंड दाखवायला लाजत होती. मी बाहेर गेले, बाकावर तिच्याजवळ बसले. माफी मागायला शब्द सुचले नाहीत. वाटी घेतली आणि म्हणाले, चल, तूच दे. तुमच्या विहीणबाईंचं वाक्य वाचलं आणि मला माझंच वाक्य आठवलं.

म्हणून तुमच्या "मी काय करू"चं माझं उत्तर: लेकीला सांभाळा. बाळाला बघायला तिथं डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, मशीन आहे. लेकीला बघायला कुणी नाही. पंचवीस दिवसांची बाळंतीण लोखंडी बाकावर बसून आहे, तिचे टाके अजून ओले आहेत, अंगावरून जातंय, आणि येणारा प्रत्येक जण तिला विचारतोय "बाळ कसंय?" तिला कुणी विचारलं का, तू कशी आहेस?

दूध आटलंय असं ती म्हणते. ते आटलेलं नसतं, अडलेलं असतं. काळजीनं पान्हा फुटत नाही, आणि बाळ ओढत नसलं की शरीराला वाटतं, गरज संपली. शरीराला ते कळू द्यायचं नाही. दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठेक वेळा हातानं दूध काढायचं, त्यातली एक वेळ रात्रीची असलीच पाहिजे. आधी हात धुवायचे, मग छातीवर कोमट ओला पंचा ठेवायचा, हलकं चोळायचं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागं धरून आत छातीकडं दाबायचं आणि सोडायचं. बोंड ओढायचं नाही, दुखतं आणि दूधही येत नाही. पहिली दोन मिनिटं थेंबसुद्धा येणार नाही, तिथंच पोरी रडकुंडीला येऊन सोडून देतात. तुम्ही शेजारी बसा, पाठीवरून हात फिरवा, घरातलं काहीतरी बोला, म्हशीचं, शेजारणीचं, काहीही. बाळाचं झबलं तिच्या हातात द्या, धुतलेलं नको, अंगावरचं उतरवलेलं. त्या वासानं पान्हा फुटलेला मी किती वेळा बघितलाय.

वाटी स्टीलची, झाकणाची, पाण्यात उकळलेली. वर नाव आणि वेळ. काढलेलं दूध खोलीत फार तर ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास ठेवता येतं, पण तुमच्या वॉर्डाचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा. पहिल्या दिवशी १० मिलि आलं तरी आत द्या. नळीतून तेवढंच लागतं कधीकधी. कमीच पडलं तर आधी विचारा, इथं दूधपेढी, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध मिळायची सोय, आहे का? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी निघाली, तेव्हापासून आपल्याकडं ही सोय बऱ्याच ठिकाणी आली आहे. पावडरीचा डबा शेवटी, आणि तोही डॉक्टर म्हणतील तेव्हा.

आणि नळी बघून लेक घाबरली असेल तर तिला हे सांगा. बाळ इतक्या जोरात श्वास घेत असतं की दूध ओढायला त्याच्याकडं दम उरत नाही. जबरदस्तीनं पाजलं तर दूध श्वासनळीत जायची भीती. म्हणून थोडे दिवस दूध सरळ पोटात. श्वास सावरला की आधी वाटी-चमचा, मग अंगावर. पोर विसरत नाही ओढायला.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरातला कुणीतरी शिकलेला विचारत असेलच की विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही तर मग देतात कशाला? प्रश्न बरोबर आहे. एक महिन्याच्या आतल्या बाळात रक्तात जंतू शिरलेत का हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत, साधारण ४८ तास, पुष्कळ डॉक्टर ते चालू ठेवतात. रिपोर्ट चांगला आला की "आता बंद करायचं का?" असं खुशाल विचारा. बाकी या आजाराला जादूचं औषध नाही. नाक साफ ठेवणं, ऑक्सिजन, पोटात दूध किंवा सलाईन आणि वाट बघणं. "नुसतं ऑक्सिजनवर ठेवलंय, काही करत नाहीत" अशी तक्रार मी आयुष्यभर ऐकली. तेच करायचं असतं.

मशीनवरच्या आकड्यांचं एक पथ्य. घरचा ग्रुप असेल तुमचा व्हॉट्सॲपवर. त्यावर कुणीतरी मॉनिटरचा फोटो टाकतो, ८८ दिसतंय, आणि मग मुंबईची मामी, हुपरीचे काका, सगळे मिळून जावयाला फोन. बाळानं पाय हलवला की पायाला बांधलेली लाल दिव्याची पट्टी सरकते आणि आकडा खाली येतो. सिस्टर आधी बाळाचा रंग बघते, छाती बघते, मग मशीन. तुम्हीही तसंच करा. फोटो बंद. डॉक्टरांशी एकानंच बोलायचं, आणि रोज संध्याकाळी त्यानंच ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या.

ते एक माणूस जावई असू देत. तुम्ही लिहिलंय, काचेतून बघतात आणि जातात, त्यात थोडी नाराजी दिसली मला. ताई, हे बाप लोक घाबरलेले असतात. नळ्या लावलेल्या तीन किलोच्या जिवाला हात लावायचा म्हणजे त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि आपण बायकाच त्यांना "तुम्ही बाहेर बसा" म्हणतो. पुढच्या खेपेला आले की त्यांना हात कोपरापर्यंत धुवायला लावा, अंगठी-घड्याळ काढून, आणि डॉक्टरांना विचारा, कांगारू करू का? उघड्या छातीवर बाळ, वरून दुपटं. ही पद्धत १९७८च्या सुमाराला कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी काढली, कारण त्यांच्याकडं बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या कमी आणि कमी दिवसांची बाळं जास्त होती. आपल्याकडंही आता बरेच वॉर्ड करतात. ऑक्सिजनवरच्या बाळालाही कधी कधी डॉक्टर परवानगी देतात. बापाची छाती यासाठी आईइतकीच चालते. केसाळ असली तरी.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण चार दिवस झालेत, बिल कुठल्या दिशेनं चाललंय हे सगळ्यांना दिसत असणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाला उपचार, औषधं, तपासण्या, ने-आण मोफत आहे. २०११ला हा कार्यक्रम आला तेव्हा ३० दिवसांपर्यंतच्या बाळांना होता, पुढं एक वर्षापर्यंत वाढवला. लाजायचं काही नाही त्यात. फक्त ऑक्सिजन चालू असताना बाळाला स्वतःच्या गाडीतून हलवू नका. हलवायचंच असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांचं बोलणं होऊ द्या, आणि ऑक्सिजन असलेल्या १०८मधूनच न्या.

विहीणबाईंकडं येते. त्यांचं वाक्य लागलं असणार. पण "आमच्याकडं असती तर" हे भीतीनं निघालेलं बोलणं आहे. त्यांची पहिली नात दवाखान्यात आहे आणि त्यांना कुणी काही काम दिलेलं नाही. रिकामा माणूस दोष शोधतो. तुम्ही उत्तराला उत्तर दिलंत तर दोन घरांतलं सगळं लेकीच्या कानावर येणार, आणि मग पान्हा परत अडेल. त्यांच्यासमोर बारशाला कुणाचं पोर खोकत होतं हे तोंडातून काढू नका. मला माहीत आहे तुम्हाला माहीत आहे.

दृष्टीचं आणि काळ्या दोऱ्याचं पण घरात चाललं असेल. वॉर्डात गळ्यात-मनगटात दोरा बांधू देत नाहीत, ते बरोबर आहे. सुईच्या जागेवर घट्ट होतो. दोरा बाळाच्या कपड्यांच्या पिशवीला बांधा. दृष्ट काढायचीय तर काढा, पण मीठ-मोहऱ्या-मिरच्या अंगणात जाळा, घरात नको. मिरचीच्या ठसक्यानं धडधाकट माणूस खोकतो.

घरी आल्यावरचं थोडक्यात. खोकला दोन-तीन आठवडे राहतो, त्यानं घाबरू नका. नाक चोंदलं तर पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे थेंब, औषधाच्या दुकानात मिळतात ते. नाकात तेल नाही, बाम नाही, वाफ नाही, खोकल्याचं औषध नाही, गुटी नाही. बाळ शांत झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, एवढ्या लहान बाळाचा श्वास मधेच रेंगाळतो, मधेच पळतो. ६० किंवा वर आले तर जरा थांबून परत मोजा, परत तेवढेच आले तर दवाखाना. गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधं यंत्र केलं होतं. तुमच्याकडं मोबाइल आहे, काही अवघड नाही. परत खड्डे पडले, कण्हायला लागलं, दूध निम्म्यावर आलं, लंगोट सात-आठ तास कोरडा राहिला, अंग १००.४च्या वर तापलं, तर त्याच दिवशी न्या. ओठ निळे दिसले, श्वास मधेच थांबला किंवा बाळ लुळं पडलं, तर क्षणभरही थांबू नका, १०८ लावा. आणि पहिले दोन महिने घरात ज्याला सर्दी, त्यानं बाळाला घ्यायचं नाही. तुम्ही धरून. पापे तर कुणीच घ्यायचे नाहीत.

लेकीचं एक राहिलं. बाळ घरी येऊन दोन आठवडे झाले तरी ती तशीच गप्प, झोप मिळूनही झोपत नाही, बाळाकडं बघत नाही, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली, तर बाळंतवाताचं, वाऱ्याचं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ला, म्हणजे टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतवाहिनीला फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. जीव द्यायचं बोलली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आज मात्र एवढंच करा. घरी जा, अंघोळ करा, तीन तास झोपा, तोवर बाकावर दुसरं कुणी बसेल. उठल्यावर विहीणबाईंना फोन लावा. झालं गेलं काही काढू नका. ऑक्सिजन एक लिटर झाला म्हणावं, आज नळीतून किती दूध गेलं तो आकडा सांगा. आणि म्हणावं, रात्रीचा डबा तुमच्याकडून येऊ दे, माझ्या हातचं तिला उतरेना झालंय. भाकरी मऊ लागते तिला, तिखट बेताचं.